जास्वंदीच्या आळ्यातला वाद

बापूकाकांचं म्हणणं दोन शब्दांत मावतं : दिसली, मारा. मीनलचं म्हणणं बरंच लांब आहे, आणि भर पावसाळ्यात, पायाला डास चावत असताना, लांब बोलणं ऐकून घ्यायला कुणाला धीर नसतो. तरी हा वाद लिहून काढावासा वाटला. आमच्या गल्लीत जून लागला की घरोघर मिठाच्या पुड्या बाहेर येतात, आणि मीठ कुणावर टाकतोय हे बघायची पद्धत मात्र नाही.

बापूकाका कृषी खात्यातून निवृत्त झालेले. नोकरी बहुतेक लातूर जिल्ह्यात, आता मुलाकडे पुण्याला, सिंहगड रस्त्याला. मीनल पलीकडच्या घरातली, ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दोन्ही घरांच्या मधे कंपाउंडची भिंत, भिंतीवरून अलीकडे झुकलेली जास्वंद. झाड तिचं, फुलं यांच्या देवाला. त्यामुळे दोघांचाही त्या झाडावर हक्क आहे.

बापूकाका : हे पान बघ. कडेनं कुरतडलंय, आणि वर ही चकचकीत रेघ. आणखी काय पुरावा पाहिजे?

मीनल : रेघ आहे, मान्य. आता त्याच्या वरचं पान बघा. भोकं आहेत, रेघ नाही, आणि खालच्या पानावर बारीक काळ्या लेंड्या पडल्यात. ती अळी. शेंड्याला पांढरं कापसासारखं दिसतंय तो पिठ्या ढेकूण. जास्वंदीचं जुनं दुखणं तेच आहे. तुम्ही तिघांचा हिशेब एकाच्या खात्यावर मांडताय.

बापूकाका : खातं कुणाचंही असू दे. घरात मीठ आहे ना?

मीनल : काका, तुम्ही आयुष्यभर शेतकऱ्यांना चोपण जमिनीबद्दल सांगत आलात. सोडियम साठला की माती कशी दगड होते, पाणी कसं मुरत नाही, हे तुमच्याइतकं मला नाही कळत. आणि तुम्हीच रोज संध्याकाळी या आळ्यात मूठ मूठ मीठ टाकताय?

यावर बापूकाका गप्प झाले. कृषी सहायकाला मातीवरून बोललं की लागतं. मग म्हणाले, मीठ आळ्यात नको, बादलीत चालेल. बादलीभर पाण्यात मीठ नाहीतर साबण घालायचा, हातमोजे घालून गोगलगायी वेचायच्या आणि त्यात टाकायच्या. खात्यानंही शेतकऱ्यांना हेच सांगितलं होतं. मात्र मिठावर माघार घेतली तरी मुद्द्यावर त्यांनी घेतली नाही.

बापूकाका : तू पुस्तकातली गोगलगाय बघितलीस, मी शेतातली बघितली. २०२२ चा जुलै. लातूर, बीड, उस्मानाबाद. पेरलेलं सोयाबीन नुकतं उगवून आलेलं, दोन दोन पानांवर. संध्याकाळी बघावं तर तासं कशी हिरवीगार, आणि सकाळी जावं तर बांधाच्या कडेच्या ओळी साफ. रोप कापल्यासारखं बुडातून गेलेलं. लोकांनी दुबार पेरलं, तेही गेलं. बाया-पोरं रात्री बॅटऱ्या घेऊन घमेली भरत होती. सरकारला गोगलगायीपायी नुकसानभरपाई द्यावी लागली, असं आधी कधी ऐकलं होतंस? मुकी, गरीब, सावकाश चालणारी. गोगलगाय आणि पोटात पाय!

मीनल : ती कुठली गोगलगाय होती?

बापूकाका : कुठली म्हणजे? शंखी.

मीनल : तेच तर. मोठी, तपकिरी, शंखावर उभे पट्टे असलेली आफ्रिकन शंखी. शास्त्रीय नाव लिसाअकॅटिना फुलिका. मूळची पूर्व आफ्रिकेतली. पूर्ण वाढली की शंख वीतभर होऊ शकतो. पाचशेच्या आसपास प्रकारच्या वनस्पती ती खाते असं सांगतात. नर-मादी वेगळे नाहीत, प्रत्येक शंखी अंडी घालू शकते, एका वेळी शंभर-दोनशे, कधी त्याहून जास्त. तिच्याबद्दल तुमचं माझं भांडणच नाही. तिला मारलंच पाहिजे.

मला वाटलं, वाद इथेच मिटला. पण बापूकाकांना शत्रूनं अर्ध राज्य देऊ केलेलं चालत नाही. त्यांनी कुंडी उचलून तिरकी केली. तळाच्या भोकाशी चपटी, काळी, पाठीच्या मधोमध फिकट रेघ असलेली बिनशंखी गोगलगाय आक्रसून बसली होती. आमच्याकडे हिला शेंबडी म्हणतात. पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या मोरीत, पायपुसण्याखाली, तुळशीच्या कुंडीखाली सापडते ती हीच.

बापूकाका : आणि ही? ही पण पाहुणीच?

मीनल : हीसुद्धा मूळची आफ्रिकेतलीच असावी असं मानतात, पण इथे इतकी जुनी झालीय की आता घरचीच. झेंडूची, शेवंतीची कोवळी रोपं ती खाते, नाही म्हणत नाही. पण एवढ्या मोठ्या जास्वंदीचं ती काय वाकडं करणार? झुडूप कमरेएवढं झालं, खोड लाकडी झालं की दहा पानं गेली तरी त्याला पत्ता लागत नाही. जपायचं ते पहिल्या वर्षीच्या रोपाला. तुम्ही सगळी बाग जपायला निघता, आणि नवं लावलेलं अनंताचं रोप कोपऱ्यात खाल्लं जातंय तिकडे बघत नाही.

हे मात्र खरं होतं. अनंताच्या रोपाला वरची दोनच पानं उरली होती.

मीनल : आणि सगळ्या गोगलगायी झाडं खातात हेही खरं नाही. बऱ्याचशा सडका पाला, बुरशी, शेवाळ खातात. इंग्लंडातली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी, बागवाल्यांची एवढी जुनी संस्था, तिनं २०२२ मध्ये जाहीर केलं की गोगलगायींना आम्ही यापुढे सरसकट कीड म्हणणार नाही. त्यांच्याकडे शेंबड्यांच्या ४४ जाती, बागेतलं खाणाऱ्या त्यातल्या जेमतेम ९. आपल्याकडे तर अजून मोजणीच चालू आहे. २०२१ मध्ये आंबोलीच्या जंगलात अर्धवट शंखाच्या गोगलगायीचा एक अख्खा नवा वंश सापडला. वरद गिरी यांच्या नावावरून त्याला वरदिया म्हणतात. जातीचं नाव वरदिया आंबोलीएन्सिस. आंबोलीला बंगला बांधून कुणी बागेत विषाचे दाणे टाकले, तर तो माणूस काय मारतोय हे त्याला तरी माहीत असेल का?

बापूकाका : एकाच सालात इंग्रज गोगलगायीला माफ करतात आणि आमचा शेतकरी दुबार पेरतो. बरं आहे.

या वाक्यावर मीनलजवळ उत्तर नव्हतं, आणि तिनं ते शोधलंही नाही. सलाडाच्या वाफ्यातली भोकं आणि सोयाबीनचं गेलेलं शेत यांना एकच नियम लावता येत नाही, हे तिलाही कळत होतं. पुढचा अर्धा तास मग कामाचं बोलणं झालं. झुडपाभोवती काय टाकलं म्हणजे गोगलगाय येत नाही, यावर.

बापूकाकांच्या पोतडीत राख, चुना, अंड्याची टरफलं, कॉफीचा चोथा असं सगळं होतं. राखेचा त्यांनी स्वतःच निकाल लावला. कोरडी राख गोगलगायीला नकोशी असते, पण पुण्याच्या पावसात तिचा तासाभरात चिखल होतो, आणि गोगलगाय फिरते ती नेमकी पावसातच. टरफलांबद्दल मीनलनं सांगितलं की त्याच इंग्रजी संस्थेनं २०१८ मध्ये लेट्यूसच्या रोपांवर प्रयोग करून पाहिला. तांब्याची पट्टी, खडी, पाइनची साल, लोकरीच्या गोळ्या, अंड्याची टरफलं. उघड्या ठेवलेल्या रोपांपेक्षा काही फरक पडला नाही. बापूकाका म्हणाले, टरफलांचं मला आधीपासूनच माहीत होतं. त्यांच्या सूनबाई मात्र गेली कित्येक वर्षं टरफलं धुऊन, वाळवून, कुटून ठेवतात, तेव्हा हे त्यांना कुणी सांगायचं हा प्रश्न उरला.

बापूकाका : चुना तरी धर की. बांधाच्या कडेनं कळीच्या चुन्याचा पट्टा मारायला आम्हीच सांगायचो.

मीनल : शेतात उघडीप असताना ठीक. पण अनंताला आंबट माती लागते काका. चुना पडला की त्याला लोह मिळत नाही, पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. गोगलगायीपासून वाचवलेलं रोप चुन्यानं जायचं. आणि गंमत बघा, शंखीला शंख वाढवायला चुनाच लागतो. ती भिंत बघा, खालचा पांढरा रंग कसा खरवडलाय. तो पावसानं नाही गेलेला.

आम्ही तिघेही वाकलो. कंपाउंडच्या भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत फिकट, वेडेवाकडे पट्टे होते, किसणीनं घासावेत तसे. गोगलगायीची जीभ म्हणजे हजारो सूक्ष्म दातांची पट्टीच असते, तिनं ती पान काय, खोडाची कोवळी साल काय आणि भिंत काय, सगळं खरवडून काढते.

बापूकाका : मग खोडाला बोर्डो पेस्ट लावू. मोसंबीच्या बागेत लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र करायचं, लोखंडी भांड्यात नाही. खोडाला फूट-दोन फूट ब्रशनं फासायचं. त्यावरून शंखी चढत नाही.

मीनल : हे चालेल. लाकडी खोडाला. मातीत सांडू द्यायची नाही, आणि अनंताच्या रोपाला नाही.

दोघांचं पूर्ण जमलं असं हे पहिलंच. दुसरं गोणपाटाचं. बारदान गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी झुडपांच्या मधे अंथरायचं, सकाळी उन्हं चढायच्या आत उचलायचं. खाली आसऱ्याला आलेल्या गोगलगायी आयत्या मिळतात. मीनलनं त्यात कोबीची आणि पपईची पानं घालायला सांगितलं. बागेतलं पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालायचं, हे बापूकाकांनी. रात्री माती कोरडी असली की गोगलगायीला फिरणं महागात पडतं. पावसाळ्यात याचा उपयोग नाही, पण ऑक्टोबरात आहे.

मग विषाच्या दाण्यांवरून पुन्हा पेटलं. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या, अडीच टक्क्यांच्या. शेतात एकरी दोन किलो टाकायची शिफारस असते. बापूकाकांच्या मते औषध ते औषध. मीनलच्या मते कोंडा घालून चविष्ट केलेलं विष, आणि गल्लीत कुत्री मोकळी फिरतात. कुत्र्याच्या पोटात गेलं तर थरथर, झटके, अंगात भयंकर ताप. ब्रिटनमध्ये ३१ मार्च २०२२ पासून बाहेर उघड्यावर ते वापरायला बंदी आहे. तिथे आता फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या वापरतात.

बापूकाका : शेतकऱ्यानं दहा एकर हातानं वेचायचं म्हणतेस?

मीनल : शेतकऱ्याबद्दल नाही म्हणत. ही बाग आहे, दोन हजार चौरस फुटांची. इथे हात पुरतात.

इथे मी मीनलच्या बाजूनं आहे. दहा एकरांवर जे नाइलाजानं करावं लागतं ते बंगल्याच्या बागेत आळसानं केलं जातं, आणि दोन्हीला औषध असं एकच नाव देऊन आपण मोकळे होतो.

बापूकाका : मग तिचा शत्रू आण बाहेरून. गोगलगाय खाणारी गोगलगाय असते म्हणे.

मीनल : आणून झालंय ते. रोझी वुल्फस्नेल. १९५५ मध्ये हवाईत आणली, १९७७ मध्ये मोरेआ बेटावर, आफ्रिकन शंखी संपवायला. मोठी शंखी तिला जड गेली, आणि बेटावरच्या पार्टुला नावाच्या छोट्या, बिचाऱ्या स्थानिक गोगलगायी तिनं दहाएक वर्षांत जंगलातून संपवल्या. काही प्राणिसंग्रहालयांनी सांभाळल्या म्हणून वंश राहिला. बाहेरून आणायची गरजच काय? भारद्वाज शंखी खातो. त्याला दाट झुडूप लागतं, आणि आपण दर महिन्याला सगळं कातरून गोल गोल करतो. काजव्याच्या अळ्या तर गोगलगायींवरच जगतात. पुरुषवाडीला, भंडारदऱ्याला जूनमध्ये काजवे बघायला गाड्या भरून जातात लोक. त्यांच्या पिल्लांना खायला काय लागतं, ते कुणी विचारत नाही.

बापूकाका : सिंहगड रस्त्याला काजवा दाखव, मी दाणे नदीत फेकतो.

मीनल : नदीत नका फेकू.

यानंतर बोलणं तिसऱ्याच माणसाकडे वळलं, आणि खरी गाठ तिथेच होती. आमच्या गल्लीत एक गृहस्थ आहेत, अत्यंत सज्जन. त्यांच्याच्यानं जीव मारवत नाही. ते रोज पहाटे बागेतल्या शंखी पिशवीत वेचतात आणि फिरायला जाताना ओढ्याच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर, हळूच सोडून येतात. बापूकाका त्यांना देवमाणूस म्हणतात. मीनलनं कपाळाला हात लावला.

मीनल : काका, ही शंखी भारतात कशी आली ठाऊक आहे? १८४७ मध्ये. विल्यम बेन्सन नावाचा इंग्रज अधिकारी, शंखशिंपल्यांचा नादिष्ट. त्यानं मॉरिशसहून जिवंत शंखी कलकत्त्याला आणल्या. परत जाताना एका मित्राला दिल्या. मित्रानं त्या चौरंगीच्या बागेत सोडल्या. मारायच्या कशा म्हणून सोडल्या असतील, शोभेच्या म्हणूनही असतील. तिथून सुरुवात. १९६६ मध्ये एक मुलगा हवाईहून तीन शंखी मियामीला घेऊन आला. आजीनं त्या परसात सोडल्या. सात वर्षांत १८,००० झाल्या. संपवायला दहा लाख डॉलर लागले, आणि १९७५ साल उजाडलं.

बापूकाका : आजीनं सोडल्या?

मीनल : आजीनंच. ही गोगलगाय रात्रभरात चालणार किती? गावं ओलांडते ती माणसाच्या हातानं. प्रेमानं सोडलेली, नाहीतर नर्सरीच्या कुंडीत आलेली. मराठवाड्यातसुद्धा एका रात्रीत ती अंगावर चालून आलेली नाही. त्याआधीची वर्षं मातीत, रोपांत, ट्रॉलीत कुठून कुठून आली असेल, ते तुम्हीच सांगू शकाल.

बापूकाका बराच वेळ हातातली कुंडी फिरवत राहिले. मग म्हणाले, वेचून लांब सोडायला आमच्या शिवारातही काही जण जायचे, दुसऱ्याच्या बांधावर. ते दयेपोटी नव्हे. पण परिणाम तोच.

आता प्रश्न उरला मारायचं कसं, आणि इथे गंमत झाली. सोडू नका म्हणणाऱ्या मीनलला मिठाचं पाणीही नको होतं. मिठानं अंगातलं पाणी ओढलं जातं, जीव लवकर जात नाही, ते बघवत नाही, असं तिचं म्हणणं.

बापूकाका : मग दगडानं ठेचतेस का?

मीनल : ठेचते. दोन जाड पिशव्यांत घालून, एका घावात. गेल्या पावसाळ्यापासून तेच करतेय.

हे बापूकाकांना अपेक्षित नव्हतं. मारा मारा म्हणणारा माणूस बादलीत टाकून आत चहा प्यायला जातो, आणि मारू नका म्हणणारी दगड उचलते. त्यांनी विषय हातमोज्यांकडे नेला. मीनलनं तो तिथेच धरला. मोजे हवेतच, कारण उंदराच्या फुप्फुसातल्या जंताची अळी शंखीच्या अंगात आणि चिकटात असू शकते. माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. परसातली पालेभाजी, कोथिंबीर नीट धुऊन घ्यायची. मेलेल्या शंखी खोल खड्ड्यात पुरायच्या. शंख तसेच पडू द्यायचे नाहीत, त्यात पावसाचं पाणी साचून डास होतात.

बापूकाकांनी मग खुरपं मागवलं. शंखी वेचणं हे उशिराचं काम, असं ते म्हणाले. आधीचं काम अंडी, आणि त्याही आधीचं उन्हाळ्यात झोपलेली शंखी. कोरड्या दिवसांत ती शंखाच्या तोंडाला पांढरं झाकण लावून पालापाचोळ्यात, विटांच्या ढिगात, भिंतीच्या बुडाशी महिनोन्महिने पडून असते. मे महिन्यात ढीग उपसले तर जूनची निम्मी लढाई संपते. हे त्यांनी मला उद्देशून सांगितलं, कारण आमच्याकडच्या विटा वर्षानुवर्षं तशाच रचलेल्या आहेत.

जास्वंदीच्या आळ्यात काही नव्हतं. अनंताच्या रोपाशी, बोटाच्या दोन पेरांइतकं उकरल्यावर, पिवळसर पांढऱ्या दाण्यांचा घोस निघाला, अगदी भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. दाणा न् दाणा वेगळा. मीनलनं मोजायला घेतले आणि शंभराच्या पुढे सोडून दिले.

बापूकाका : हे रोप कधी आणलंस?

मीनल : आईनं आणलं. पंधरा दिवस झाले असतील. नर्सरीतून.

बापूकाका : मुळाचा गोळा सोडवून बघितला होता?

मीनल : नाही.

बापूकाका : मग कलकत्त्याच्या साहेबाला कशाला नावं ठेवतेस? यापुढे नवी कुंडी आली की आधी पंधरा-वीस दिवस फरशीवर, बागेपासून लांब. खाली वर्तमानपत्र. अंडी आठवड्या-दोन आठवड्यांत फुटतात, असतील तर कळतात. मगच मातीत.

मीनल : मान्य. पण ओढ्यावरच्या काकांना तुम्ही सांगायचं. माझं ते ऐकणार नाहीत.

बापूकाका : मी काय सांगू? जीव मारा म्हणून? त्यांच्या घरी मी जेवतो.

मीनल : मारू नका म्हणा. पिशवी माझ्या दारात ठेवा म्हणा.

बापूकाकांनी अंडी खुरप्यावर घेऊन बादलीत सोडली. शेंबडी असलेली काळी कुंडी त्यांनी कंपोस्टच्या खड्ड्याकडे नेली, तिथे सडका पाला भरपूर आहे. झेंडूच्या वाफ्यात दिसली तर मात्र सोडणार नाही, असं जाता जाता बजावलं. मीनल म्हणाली, झेंडूच्या वाफ्याची रात्रीची बॅटरी तुमच्याकडे, जास्वंदीची माझ्याकडे. मला विटा दिल्या.